चौथा नट सुटत नाही तेव्हा: लॉक नटवाल्या गाडीचं चाक बदलताना

आचऱ्याहून देवगडकडे येताना मुणग्याच्या अलीकडे मागचं डावं चाक बसलं. श्रावणातली संध्याकाळ, पाऊस नुकताच ओसरलेला, रस्त्यावर लाल पाण्याचे ओहोळ. चाक बदलणं मला नवीन नव्हतं. स्टेपनी काढली, पाना लावला, तीन नट सुटले. चौथ्यावर पाना बसेचना. मोबाईलच्या उजेडात पाहिलं तर तो नट बाकीच्यांसारखा सहा बाजूंचा नव्हताच. गोल, गुळगुळीत, आणि तोंडावर पाकळ्यांसारखी नागमोडी खाच.

गाडी मुंबईहून जुनी घेतलेली. आधीच्या मालकाने अलॉय चाकं घातली होती आणि ती चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाला एक लॉक नट. त्याची चावी, म्हणजे त्या खाचेत बसणारा छोटा लोखंडी तुकडा, आठवड्यापूर्वी टायरची अदलाबदल केली त्या दुकानात राहिली होती. हे मला दोन दिवसांनी कळलं. त्या संध्याकाळपर्यंत अशी चावी असते हेच ठाऊक नव्हतं, त्यामुळे दुकानदाराला किती दोष द्यायचा हा प्रश्नच आहे. स्कूटरवरून आलेल्या पंक्चरवाल्याने नट पाहिला आणि पहिला प्रश्न केला, "दादानू, चावी खय आसा?" मी गप्प. तो म्हणाला, "मगे हो नट असो सुटाचो नाय." शेवटी सुटला. कसा, ते पुढे सांगतो. पण ती वेळ येऊच नये यासाठी जे करायचं, ते आधी.

घरच्या खळ्यात एकदा रंगीत तालीम

कोकणात मुंबई-पुण्याहून आलेल्या जुन्या गाड्या भरपूर. तुमची तशी असेल, किंवा अलॉय चाकं नंतर बसवलेली असतील, तर आज उजेड असताना चारही चाकांपाशी बसून प्रत्येक नट बघा. काही गाड्यांत नटांवर प्लास्टिकच्या टोप्या असतात, त्या काढल्याशिवाय वेगळा नट दिसत नाही. टोपी ओढायला टूलकिटमध्ये बहुधा चिमटा किंवा तारेचा आकडा असतो. प्रत्येक चाकावर एक नट वेगळा दिसला तर तुमच्याकडे लॉक नट आहेत. फोक्सवॅगन, स्कोडा यांसारख्या गाड्यांत नट नसून बोल्ट असतात. तिथेही हाच प्रकार, फक्त लॉक बोल्टचा.

मग चावी शोधा. डॅशबोर्डचा कप्पा, स्टेपनीच्या मधला खळगा, जॅकची पिशवी, डिकीच्या बाजूचे कप्पे, सीटखाली. सापडली तर नुसती पाहून ठेवू नका, नटावर बसवून बघा. गाडी विकताना भलत्याच सेटची चावी दिलेली असू शकते. चावीवर किंवा सोबतच्या कार्डावर नंबर असेल तर त्याचा फोटो काढा, चावीच्या तोंडाचाही समोरून काढा. चावी हरवली तर त्या नंबरावरूनच नवी मागवता येते. नंतर बाजारातून बसवलेल्या स्वस्त सेटना असा नंबर बहुतेक नसतोच, आणि तिथे चावी गेली की सगळंच गेलं.

यानंतर खरी तालीम. गाडी सपाट जमिनीवर, हँडब्रेक लावलेला, जॅक न लावता, चारही लॉक नट चावीने एकेकदा सैल करून परत घट्ट करा. अर्ध्या तासाचं काम आहे. खाऱ्या हवेत हे काम मुंबई-पुण्याच्या गाडीपेक्षा जास्त गरजेचं आहे, कारण किनाऱ्यालगत नट आणि स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो ती आट्यांची दांडी, लवकर गंजतात. वाळूवर गाडी नेणाऱ्यांचे तर विचारूच नका. हर्णैला मासळीचा लिलाव बघायला थेट पुळणीवर गाडी घालायची हौस अनेकांना असते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने चाकांच्या आतून धुतलं नाही तर ती हौस नटांवर निघते. मी वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास, सगळे नट सोडून तारेच्या ब्रशने आटे साफ करतो. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावायचा मोह आवरा. वंगण लावलेला नट त्याच जोरात जास्त आवळला जातो आणि स्टडवर ताण येतो. ग्रीसचा अगदी पातळ हात फक्त हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मधल्या गोल उंचवट्याला, चाक तिथे चिकटू नये म्हणून.

तालमीत आणखी एक गोष्ट तपासायची, जी बहुतेक जण विसरतात. चाकं अलॉय आणि स्टेपनी लोखंडी असेल तर अलॉयचे नट स्टेपनीला नीट बसतीलच असं नाही. नटाचं बूड कुठे शंकूसारखं निमुळतं असतं, कुठे गोलसर, कुठे सपाट, आणि ते चाकाच्या भोकाशी तंतोतंत जुळावं लागतं. जुळलं नाही तर नट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि चालत्या गाडीत सैल होतो. म्हणून कंपनीचे मूळ नट एका डबीत घालून स्टेपनीसोबतच ठेवा. नवे नट घ्यायचे झाले तर आट्यांचं माप विचारून घ्या. मारुतीला एम १२ × १.२५ लागतो, ह्युंदाई, होंडा, टोयोटाला एम १२ × १.५. चुकीचा नट दोन फेरे आरामात फिरतो, मग अडकतो, आणि स्टडचे आटे घेऊनच बाहेर येतो.

गाडीत स्टेपनी आहे ना, हेही बघा. २०२० पासून टायरमधल्या हवेची सूचना देणारी यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असलेल्या छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी न देण्याची नियमात मुभा आहे. असली तर तिची हवा मोजा. स्टेपनीतच हवा नसणं हा आपल्याकडचा जुना विनोद आहे.

डिकीत काय असावं

गाडीसोबत आलेला छोटा एल पाना लॉक नटाला पुरत नाही. लांब होणारा पाना किंवा फुली पाना घ्या, आणि एल पान्यावर चढेल असा दोन फुटी लोखंडी पाइप. एक फूट लांबीची जाड फळी जॅकखाली ठेवायला. लाकडाच्या दोन पाचरी, डोक्याला बांधायची बॅटरी, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, हातमोजे, रिफ्लेक्टरचा त्रिकोण, सिगरेट लायटरच्या जागेवर चालणारा हवेचा पंप. आणि एक गोणपाट, चिखलात गुडघे टेकायला. नवीन रेनकोटपेक्षा गोणपाट जास्त कामाला येतं, हा अनुभव आहे.

रस्त्यात टायर बसला की

घाटात, वळणावर, अरुंद साकवावर थांबू नका. कशेडी असो, परशुराम असो की आंबोली, वळण संपून सरळ आणि रुंद जागा येईपर्यंत पादचाऱ्याच्या वेगाने गाडी न्या. टायर फाटला तरी चालेल. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेची लाल माती भुसभुशीत असते आणि गवताखाली गटार दिसत नाही, तेव्हा चाक डांबरावरच राहू द्या. चारही इंडिकेटर चालू. त्रिकोण गाडीच्या मागे निदान पन्नास पावलांवर, आणि मागे वळण असेल तर मागून येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा, वळणाच्याही मागे. माणसं गाडीतून उतरून रस्त्यापासून दूर. आपल्याकडे झाडाच्या फांद्या आणि दगड मांडायची पद्धत आहे. मांडा, पण जाताना उचला. रात्री पावसात मागे राहिलेल्या त्या दगडांवर दुचाकीवाले आपटतात.

राष्ट्रीय महामार्ग ६६ वर, म्हणजे पूर्वीच्या १७ वर असाल तर १०३३ हा महामार्गाचा मदत क्रमांक आहे. जिवावरचं काही असेल तर ११२. सागरी मार्गावर किंवा आडरस्त्यावर १०३३ चा उपयोग नाही. तिथे जवळच्या गावातला पंक्चरवाला आणि तुमचे दोन हात.

आता थांबा, लगेच पाना काढू नका. टायर ट्यूबलेस असेल तर चाक उतरवायची गरजच नसू शकते. रुतलेला खिळा दिसत असेल तर तो तसाच ठेवून पंपाने हवा भरा. हवा पाच-दहा मिनिटं टिकते असं दिसलं तर सावकाश जवळच्या दुकानापर्यंत जाता येतं. पंक्चरच्या भोकात रबरी स्ट्रिप घालायचं किट असेल तर चाक गाडीवरच ठेवून स्ट्रिप घालता येते. पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवा, मागचं असेल तर खिळा हाताला येईल इतकी गाडी पुढे-मागे ढकला. मुणग्याला माझ्याकडे वीसेक रुपयांची एक स्ट्रिप आणि थोडी अक्कल असती तर लॉक नटाला हात लावावाच लागला नसता. मात्र टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर गेली असेल तर स्ट्रिप चालत नाही. तिथे चाक बदलणंच आलं.

चाक उतरवणं

गाडी गिअरमध्ये टाका. चढाला तोंड असेल तर पहिला, उताराला तोंड असेल तर रिव्हर्स, ऑटोमॅटिक असेल तर पी. हँडब्रेक ओढा. पंक्चर चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी पाचरी लावा. पाचर नसेल तर जांभ्याचा चिरा चालतो, कोकणात तो कुठेही मिळतो. पण चिरा चाकाला टेकवण्यापुरताच. जॅकखाली किंवा गाडीखाली आधार म्हणून चिरा लावू नका, जांभा भाराखाली अचानक फुटतो.

स्टेपनी जॅक लावण्याआधी बाहेर काढा. काही गाड्यांत ती बुडाखाली टांगलेली असते आणि गाडी तिरकी झाली की अडकते.

आता लॉक नट. खाच आधी साफ करा, कारण लाल चिखल वाळला की खाचेत विटेसारखा बसतो आणि चावी अर्धीच आत जाते. नारळाच्या हिराची काडीसुद्धा चालते, मग ब्रश. चावी खाचेत घालून थोडी डावी-उजवी हलवा, टचकन बसली पाहिजे. वरून तळहाताने एक-दोन हलके ठोके द्या. चावी आणि नट यांच्यात फट दिसत असेल तर पुढे जाऊ नका, तशा अवस्थेत जोर लावला की खाचेचे काठ झिजतात.

पाना चावीवर बसवा. एका हाताने चावी नटाकडे दाबून धरा, दुसऱ्या हाताने पाना घड्याळाच्या उलट दिशेला हळूहळू ओढा. साध्या नटावर लोक पाय देऊन उडी मारतात. लॉक नटावर ते करू नका. पाना सरळ नसेल तर चावी तिरकी होऊन निसटते, आणि निसटताना नटाची नाहीतर स्वतःची खाच मोडते. जोर कमी पडत असेल तर पाइप चढवा. जोराचा हिशोब साधा आहे. छोट्या गाडीचा नट साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरला आवळलेला असतो, म्हणजे एक फूट लांब पान्याच्या टोकाला सुमारे तीसेक किलोचा भार. दोन फुटी पाइप लावला की तेच काम पंधरा-सोळा किलोत होतं. सत्तर किलोचा माणूस पान्यावर उभा राहतो तेव्हा लागणाऱ्या जोराच्या दुपटीने नट आवळतो किंवा पिळतो.

गंजलेला असेल तर स्प्रे मारून दहा-पंधरा मिनिटं बसा. मग नट सोडायच्या आधी केसभर घट्ट करायच्या दिशेला टिचकीइतका दाबा आणि लगेच उलट फिरवा. गंजाची पकड त्याने तुटते. एअर गनने लॉक नट सोडू किंवा लावू देऊ नका, मग दुकानदार कितीही घाईत असो. तिच्या झटक्यांनीच या चाव्या तुटतात, आणि तुटलेला तुकडा नटाच्या आत राहिला तर अधिकच पंचाईत.

लॉक नट पहिला सैल करायचा, अर्धा फेरा. तो सुटला तरच बाकीच्यांना हात लावायचा. मी नेमकं उलटं केलं होतं. तीन नट आधी सोडले आणि सगळा भार एकट्या लॉक नटावर आला, त्यामुळे तो अधिकच आवळून बसला. तुमच्या हातून असं झालं तर बाकीचे नट परत घट्ट लावा आणि मग लॉक नटाशी झगडा.

सगळे सैल झाले की जॅक. फळीवर ठेवून, गाडीच्या बुडाच्या कडेला जिथे खाच किंवा खूण आहे तिथेच. पुळणीत, चिखलात, भाताच्या मळीत जॅक लावू नका. गाडी चार माणसांनी कडक जागेवर ढकलून आणा. उतरवलेली स्टेपनी दरवाज्याखाली आडवी सरकवा, जॅक घसरला तर गाडी तिच्यावर बसेल. गाडीखाली हातपाय नको.

नट निघाले आणि चाकच निघेना, हे किनाऱ्यावर नेहमीचं. चाक हबला गंजाने चिकटतं. जॅकवरच्या गाडीला लाथा मारू नका. नट परत दोन-तीन फेरे लावा, पूर्ण घट्ट नाही. गाडी खाली उतरवा आणि हातभर पुढे-मागे ढकला. खट्ट आवाज येऊन चाक सुटतं. मग परत जॅक.

चावीच नसेल तर

आधी शांतपणे फोन करा. शेवटचं काम जिथे केलं तिथे, गॅरेजला, गाडीच्या आधीच्या मालकाला. कंपनीने बसवलेले लॉक नट असतील तर मोठ्या सर्व्हिस सेंटरकडे वेगवेगळ्या खाचांच्या चाव्यांचा संच असू शकतो. म्हणून गाडी कशीबशी हवा भरत तिथवर जाते का, हा पहिला विचार. रात्री, भर पावसात, रस्त्यावर नट फोडायला बसण्यापेक्षा कुणाच्या तरी ओसरीवर रात्र काढणं शहाणपणाचं.

पण फोडायचाच झाला, तर मुणग्याच्या पंक्चरवाल्याने जे केलं ते सगळ्यात सोपं. त्याने बाकीचे तीन नट मला परत आवळायला लावले आणि गाडी जमिनीवरच ठेवली. पिशवीतून बारा दातांची एक जुनी गोटी, म्हणजे नटावर चढणारं पोकळ सॉकेट, काढली, नटाच्या घेरापेक्षा जराशी लहान. ती नटाच्या तोंडावर धरून हातोड्याने सरळ ठोकत बसवली, इतकी की गोटीच्या दातांनी नटाच्या बाहेरच्या अंगात खोबण्या पाडल्या. मग लांब पाना लावला, मला गोटी दाबून धरायला सांगितलं आणि एका झोकात नट सोडवला. "आता ही गोटी ह्याच नटाची," म्हणाला. ती नटात इतकी रुतली होती की मागून पंचने ठोकून काढावी लागली. असं करायचं तर जुनीच गोटी वापरा, डोळ्यांवर चष्मा असू द्या, आणि ठोके मोजके, सरळ आणि जोरकस मारा. उगाच शंभर ठोके मारले तर बेअरिंगला त्रास होतो.

बाहेरून फिरणारी कडी असलेले लॉक नट या युक्तीला दाद देत नाहीत. गोटी कडीवर बसते आणि कडी नुसती फिरत राहते. तिथे उलट्या पिळाच्या दातांची खास गोटी मिळते ती लागते, जी जितकी पिळाल तितकी रुतते, किंवा कडी छन्नीने फोडून मग आतला नट. छन्नीचा एक चुकीचा घाव अलॉयला कायमचा डाग देतो. वेल्डिंगवाला नटावर दुसरा नट चिकटवून सोडवू शकतो, पण त्याआधी टायरमधली हवा पूर्ण काढा आणि बॅटरीची वायर सोडा. तापलेल्या रिममुळे हवा भरलेला टायर फुटू शकतो. ड्रिल हा अगदी शेवटचा उपाय, आणि तो गॅरेजमध्येच.

चाक परत लावणं

हबवरचा गंज ब्रशने झाडा. चाक बसवा, नट हाताने तीन-चार फेरे सहज फिरले पाहिजेत. पहिल्याच फेऱ्याला पाना लागत असेल तर आटे तिरके बसलेत, काढून परत लावा. बोल्टवाल्या गाडीत चाक हबवर टांगून धरायला काही नसतं, तेव्हा चाकाखाली पायाचा चवडा घालून ते उचलून धरा आणि भोकं जुळवा. नट आमनेसामने, तिरके-तिरके असे आवळत जा, ओळीने नाही. लॉक नट सगळ्यात शेवटी. गाडी खाली उतरवल्यावरच पूर्ण जोर द्या, आणि जोर हाताचा, पायाचा नाही. टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना, असेल तर गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंत. छोटी तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावर ८० लिहिलेलं असतं. तो वेग मर्यादेचा आहे, आव्हान नाही.

पन्नास-साठ किलोमीटरनंतर नट परत एकदा तपासा. दाभोळ-धोपाव्याची किंवा जयगड-तवसाळची फेरीबोट धरायला रांगेत उभे असाल तर तोच वेळ वापरा.

माझ्या गाडीवर आता लॉक नट नाहीत. चारही चाकांना साधे नट आहेत. लोखंडी रिमला तर ते लावण्यात अर्थच नाही, तिथे गंज हा चोरापेक्षा आधी येतो. महागड्या अलॉयवर ठेवायचेच असतील तर चावी दुकानात देताना माझ्या शेजाऱ्याची पद्धत बघा. तो चावीला नारळाच्या काथ्याचा हातभर दोरा बांधतो आणि त्याचं दुसरं टोक गाडीच्या किल्लीच्या रिंगला. ती चावी सोबत घेतल्याशिवाय गाडीच सुरू होत नाही, त्यामुळे ती दुकानात राहायचा प्रश्नच येत नाही.